जानेफळचा माल, गिऱ्हाईक दिल्लीचे

मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावात शिवणकाम, सुतारकाम, वेल्डिंग जाणणारे आपले बांधव आहेत. कसब आहे, पण गिऱ्हाईक पंचक्रोशीतलेच. आता संगणकावरून घाऊक खरेदीचा नवा बाजार उभा राहिला आहे. त्यात आपला वाटा किती, हा खरा प्रश्न आहे.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०१६ मध्ये 'जेम' हा खरेदीचा ऑनलाइन बाजार सुरू केला. चादरी, गणवेश, टेबल-खुर्च्यांपासून साफसफाईच्या कामापर्यंत सरकारी खाती येथे खरेदी करतात. २०२३-२४ या एका वर्षात ही उलाढाल ४ लाख कोटी रुपयांवर गेली. म्हणजे बाजार वाढतो आहे, यात शंका नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे पुढेच आहे. केंद्राची खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करावी, त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिलांकडून, असे धोरण आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, म्हणून हा हक्क आपलाही आहे. मात्र भागीदारीत आपला हिस्सा किमान ५१ टक्के हवा. नुसते नाव देऊन दुसऱ्याचा धंदा चालवू देऊ नका.

सुरुवात 'उद्यम' नोंदणीने करावी. ती मोफत आहे. जेमवरील नोंदणीही मोफत. पैसे मागणाऱ्या दलालापासून सावध राहा. नोंदणीकृत लघुउद्योगाला निविदेची अनामत रक्कम माफ असते. पण हे लाभ माल बनवणाऱ्याला व सेवा देणाऱ्याला आहेत. एकाकडून घेऊन दुसऱ्याला विकणाऱ्या व्यापाऱ्याला नाहीत.

खरी अडचण बिलाची. माल आज जातो, पैसा उशिरा येतो, आणि तोवर घर कशावर चालवायचे? २००६ च्या कायद्याने लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज मागता येते. तक्रार ऑनलाइन करता येते. तरीही दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच ऑर्डर घ्यावी.

घरातील शिकलेल्या मुला-मुलींनी आई-वडिलांची ही नोंदणी करून द्यावी. पहिली ऑर्डर लहानच घ्या, पण वेळेवर पोहोचवा.