अंधालाही स्वतःचा सातबारा पाहता यावा



शेताला वाट नसेल तर जमीन असून नसल्यासारखी. सातबारा, पीकविमा, अनुदान यांची वाट आता संकेतस्थळावरून जाते. आपल्या राहात्यातील एखाद्या अंध पेरू बागायतदाराने त्या वाटेने कसे जावे?

अँड्रॉइड मोबाईलमधील ‘टॉकबॅक’ पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवते. पण चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखायला सांगितली की गाडी अडते. तिथे आवाजाची सोय हवी. अर्जातील प्रत्येक रकान्याला नाव हवे, चित्राला शब्दांत माहिती हवी. हे नसेल तर आधार क्रमांक आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो, आणि तिथेच फसवणुकीला दार उघडते.

ही सोय म्हणजे मेहेरबानी नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची तरतूद आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही डिजिटल सेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

आपणही एवढे करा. ग्रामपंचायतीच्या नोटिशीचा नुसता फोटो ग्रुपवर टाकू नका, सोबत मजकूर टाईप करा. घरातील अंध माणसाला ‘टॉकबॅक’ चालू करून द्या, दोन दिवस शेजारी बसून शिकवा. पुढची वाट तो स्वतः चालेल.