पडदा अडू नये म्हणून

मोबाइल अ‍ॅपमध्ये बोटाचा स्पर्श टिपणे आणि पडद्यावर नवे चित्र उमटवणे ही दोन्ही कामे एकाच थ्रेडकडे असतात. थ्रेड म्हणजे प्रोसेसर ओळीने पार पाडतो ती सूचनांची एक मालिका. अँड्रॉइड आणि आयओएस दोन्हींकडे या थ्रेडला मेन थ्रेड म्हणतात. त्याच्यापुढे कामांची रांग असते. हातातले संपल्याशिवाय तो पुढचे घेत नाही.

सेकंदाला 60 वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यावर एका चित्राला जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात, 120 वेळा होणाऱ्यावर सुमारे 8. मोठा फोटो उलगडणे किंवा सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहणे एवढ्यात बसत नाही. मेन थ्रेड त्यात गुंतला की यादी सरकता सरकता अडखळते. अँड्रॉइडवर स्पर्शाला 5 सेकंदांत दाद मिळाली नाही, तर अ‍ॅप प्रतिसाद देत नसल्याची सूचना झळकते. महागडा फोन घेऊनही हे सुटत नाही, कारण सर्व्हरची वाट पाहताना प्रोसेसर रिकामाच बसलेला असतो.

म्हणून वेळखाऊ काम बॅकग्राउंड थ्रेडवर सोपवतात. अँड्रॉइडने 2011 मध्ये, 3.0 आवृत्तीपासून, याबाबत सक्ती केली: मेन थ्रेडवरून नेटवर्क वापरू पाहणारे अ‍ॅप तिथेच बंद पडते. हा कठोरपणा योग्यच होता.

खरी कसोटी लागते ती उत्तर परत आणताना. पडद्यावरचे घटक फक्त मेन थ्रेडनेच बदलायचे, असा दंडक आहे. दोन थ्रेड एकच यादी एकदम बदलू लागले, तर एकाने मोजलेली संख्या दुसऱ्याने तेवढ्यात बदललेली असते. असा दोष चाचणीत बहुधा सापडत नाही आणि वापरणाऱ्याच्या हातात उघडा पडतो. शिवाय उत्तर येईपर्यंत माणूस दुसऱ्या पानावर गेलेला असू शकतो. अँड्रॉइडचे जुने साधन असिंकटास्क इथेच कमी पडे. 2020 मध्ये ते बाद ठरवले गेले. त्याऐवजी कोटलिन भाषेतल्या कोरुटीन्स, म्हणजे मध्येच थांबवता येणारी कामे, पानाच्या आयुष्याशी बांधता येतात: पान मिटले की कामही थांबते. आयफोनवर कामे थ्रेडवर वाटून देणारी ग्रँड सेंट्रल डिस्पॅच ही सोय 2010 पासून आहे, तर 2021 मध्ये स्विफ्ट भाषेतच अशी सोय आली.

प्रत्येक कामाला नवा थ्रेड काढणेही परवडत नाही, कारण प्रत्येक थ्रेड मेमरी अडवतो. मोजकेच थ्रेड राखून तेच पुन्हा पुन्हा वापरतात. आणि प्रणालीने अ‍ॅपची प्रक्रियाच संपवली, तर तिच्यातले सगळे थ्रेड संपतात. फोटो अपलोडसारखे तडीस जायलाच हवे असे काम अँड्रॉइडवर त्यासाठी वर्कमॅनेजरकडे नोंदवतात. फोन बंद करून पुन्हा सुरू केला तरी ती नोंद टिकते.