यंत्रांतील वाद्यवृंद व त्याची व्यवस्था

उपासनागीत चार भागांत गाइलें जातें, तेव्हां सोप्रानो, आल्टो, टेनर व बेस असे चार गायकवर्ग आपापला सूर सांभाळतात, आणि त्यांच्या मेळांतून जो भरदार नाद उठतो तो एका कंठांतून निघणें शक्य नसतें. एकट्या वादकाचीहि अडचण अशीच असते. त्याला हात दोनच. ही अडचण दूर करण्यासाठीं जीं वाद्यें निघालीं, त्यांपैकीं सिंथेसायझर वर्कस्टेशन हें एक होय. जपानांतील कॉर्ग कंपनीनें १९८८ सालीं काढलेलें एम-१ हें ह्या जातीचें एक फार गाजलेलें वाद्य. नाना वाद्यांचे आवाज आणि वादन लक्षांत ठेवणारा सीक्वेन्सर हीं दोन्ही त्यांत एकत्र आहेत. असें यंत्र आपोआप संगीत करतें, असा पुष्कळांचा समज असतो. तो कितपत खरा आहे, हें त्याची मांडणी पाहिली असतां कळून येईल.

प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, असा सीक्वेन्सर आवाज सांठवीत नाहीं, आज्ञा सांठवितो. कोणती पट्टी कोणत्या क्षणीं, किती जोरानें दाबली आणि केव्हां सोडली, एवढीच नोंद तो करतो. ग्रामोफोनची तबकडी व लिहिलेलें स्वरलेखन ह्यांत जो भेद, तोच येथें आहे. म्हणूनच बासरीच्या आवाजांत वाजविलेली चाल मागाहून व्हायोलिनच्या आवाजांत ऐकतां येते. ह्या आज्ञांची भाषा १९८३ सालीं प्रचारांत आली. तिला मिडी म्हणतात. तींत स्वरांना ० पासून १२७ पर्यंत क्रमांक आहेत, आणि मध्य सी ह्या स्वराचा क्रमांक ६० आहे.

एका वाद्याची नोंद ज्या ओळींत होते तिला ट्रॅक म्हणतात. एम-१ मध्यें असे ८ ट्रॅक आहेत. प्रत्येकासाठीं वाद्याचा आवाज, त्याची पातळी, डावी-उजवी बाजू, पट्टीचा चढ-उतार आणि मिडीचा मार्ग ठरवावा लागतो. मिडीचे मार्ग १६ आहेत. बाहेरचें दुसरें वाद्य तारेनें जोडलें असतां दोन ट्रॅकांना एकच मार्ग दिला, तर कोणती आज्ञा कोणासाठीं, हें त्या वाद्याला ओळखतां येत नाहीं. प्रथम ताल व लय निश्चित करून मग तालवाद्य, खर्ज, स्वरसंघ व शेवटीं मुख्य चाल अशा क्रमानें नोंद करणें सोयीचें पडतें.

आतां स्वरसंघाकडे, म्हणजे कॉर्डकडे, वळूं. मध्य सी हा षड्ज मानला, तर षड्ज, गंधार व पंचम मिळून ६०, ६४ व ६७ हा संघ होतो. त्यापुढें मध्यम, धैवत व तार षड्ज, म्हणजे ६५, ६९ व ७२, असा संघ घेतला तर तिन्ही स्वर एकदम उडी मारतात. त्याऐवजीं तेच स्वर ६०, ६५ व ६९ असे मांडले, तर षड्ज जागच्या जागीं राहतो आणि उरलेले दोन थोडेसेच सरकतात. कानाला जोड जाणवत नाहीं. चांगल्या गीतरचनेंत आल्टोचा सूर असाच हळूहळू चालतो. कॉर्गच्याच २०११ सालच्या क्रोनॉस वाद्यांत पडद्यावर ८ चौकटी आहेत. प्रत्येकींत ८ पर्यंत स्वर भरून ठेवले कीं एका बोटानें सारा संघ वाजतो. परंतु त्यांत कोणते स्वर कोणत्या क्रमानें भरावयाचे, हें वादकालाच ठरवावें लागतें.

आणखी एक हिशेब आहे. एम-१ मधून एका वेळीं फार तर १६ आवाज निघतात. कांहीं वाद्यांत दोन आवाज मिसळलेले असल्यामुळें तेथें प्रत्येक स्वरास दोन खर्ची पडतात. अशा वाद्यावर चार स्वरांचा संघ धरला कीं ८ आवाज संपले. तो विरण्यापूर्वीं दुसरा तसाच संघ आला कीं सोळाहि संपले. मग चालीचा स्वर आला म्हणजे आधींचा एखादा मध्येंच तुटतो. ह्यावर उपाय सोपा आहे. मूळ स्वर खर्जाच्या ट्रॅकमध्यें असेल, तर तो संघांतून गाळावा, अथवा संघासाठीं एकेरी आवाजाचें वाद्य निवडावें.

शेवटीं एक सावधगिरीची सूचना. गाणाऱ्यांसाठीं गीत दोन पट्ट्या वर चढवितांना तालवाद्याचा ट्रॅक मात्र चढवूं नये. तेथें क्रमांक स्वराचा नसून वाद्याचा असतो. १९९१ सालीं ठरलेल्या जनरल मिडी पद्धतींत ३६ हा मोठ्या ढोलाचा व ३८ हा स्नेअर ड्रमचा क्रमांक आहे. दोन पट्ट्या चढविल्या कीं ढोलाच्या जागीं स्नेअर वाजूं लागतो!

ह्यावरून वाचकांच्या लक्षांत येईल कीं, हें यंत्र आज्ञाधारक आहे, जाणतें नाहीं. चुकीची आज्ञाहि तें तितक्याच निष्ठेनें पाळतें. म्हणून ज्यांना तें वापरण्याची हौस असेल, त्या विद्यार्थ्यांनीं आधीं गायकवृंदांत उभें राहून आपला सूर सांभाळतां सांभाळतां शेजाऱ्याचा सूर ऐकण्यास शिकावें. असा कान तयार झाला, म्हणजे आठहि ट्रॅक त्याच्या ताब्यांत राहतील.