वजनाचा काटा का अडतो?

अंबाजोगाईत मुकुंदराज समाधीच्या रस्त्यावर पहाटे फिरायला जा, एक तक्रार हमखास कानी पडते: पहिल्या महिन्यात तीन-चार किलो उतरले, आता काटा ढिम्म हलत नाही. त्यावरचा सल्लाही ठरलेला. आधी मेटाबॉलिझम ‘दुरुस्त’ करा, मग जेवण कमी करा.

पण बिघडलेलं असतं तरी काय? मांजरा धरण आटलं, नळाचे दिवस लांबले की घराघरांत पाणी आपोआप जपून वापरलं जातं. शरीरही तेच करतं. मुळात वजन घटलं की पोसायचं शरीरच लहान होतं. शिवाय थायरॉइडचं संप्रेरक थोडं मंदावतं, नकळत हालचाल कमी होते, हातपाय गार पडतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजन सुमारे चतुर्थांश घटलं. विश्रांतीतला ऊर्जाखर्च तर जवळजवळ ४० टक्क्यांनी. पोटभर अन्न मिळू लागल्यावर तो पुन्हा चढला.

तेव्हा बहुतेकांनी दुरुस्तीची वाट पाहू नये. एखादी भाकरी कमी, वरणाची वाटी जास्त, थोडा व्यायाम. एवढ्यावर सुरुवात होते. मात्र महिनोन्महिने अर्धपोटी राहून चक्कर येत असेल, पाळी चुकत असेल, तर आधी पुरेसं खायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. ‘मेटाबॉलिझम वाढवणाऱ्या’ पावडरींचे डबे दुकानातच बरे.