वाचन शिकवायला एम.एड. कशाला?

जळगाव-धुळ्याच्या प्राथमिक शाळांत पहिली-दुसरीचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाने पदव्युत्तर शिक्षणाचा विषय काढला, की सल्ले भरपूर मिळतात. वाचनशिक्षणाचा अभ्यास करायचा म्हटलं, की त्यांत गैरसमजांची भर पडते.

गैरसमज : ज्याला वाचता येतं, त्याला वाचायला शिकवता येतं.

वस्तुस्थिती : सराईत वाचकाला वाचनातल्या पायऱ्या जाणवतच नाहीत. ‘कि’मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, तिचा उच्चार मात्र नंतर होतो. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ या शब्दांत एकच ‘र’ तीन रूपांत येतो. मूल नेमकं कुठे अडलं हे ओळखणं, हीच शिक्षकाची विद्या आहे आणि ती शिकावी लागते.

गैरसमज : बाराखडी पाठ झाली, की वाचन आलं.

वस्तुस्थिती : गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये मांडलं, की वाचून समजणं हा अक्षरं उलगडण्याचा आणि ऐकलेली भाषा समजण्याचा गुणाकार आहे. एक बाजू शून्य, तर उत्तरही शून्य. म्हणून धडा घडाघडा वाचणारं मूल त्यावरच्या साध्या प्रश्नाला गप्प राहू शकतं.

गैरसमज : घरी अहिराणी किंवा पावरी बोलणारी मुलं भाषेत कच्ची असतात.

वस्तुस्थिती : ‘मुलगा शाळेत जातो’ हे वाक्य पाहून मूल ‘पोऱ्या शाळामा जास’ म्हणालं, तर त्याला अर्थ पूर्ण कळलेला आहे. आता छापील शब्दांकडे नेणं हे शिक्षकाचं काम. आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि आज खानदेशचं विद्यापीठ त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा शिक्षणाचं माध्यम असावी, असं म्हटलं आहे.

गैरसमज : वाचनशिक्षणात मास्टर्स करायचं, तर परदेशीच जावं लागतं.

वस्तुस्थिती : अमेरिकेत वाचनतज्ज्ञ शिक्षक हे वेगळं पद आहे आणि अनेक राज्यांत त्यासाठी मास्टर्स पदवी लागते. आपल्या जिल्हा परिषद शाळांत असं पद नाही. पण एम.एड.मध्ये लघुशोधप्रबंध असतो आणि त्याचा विषय वाचन असू शकतो. जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे 1990 मध्ये स्थापन झालेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्याच कक्षेत आहेत.

गैरसमज : एम.एड. फक्त बी.एड. कॉलेजात शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी.

वस्तुस्थिती : राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनी एम.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात प्राथमिक स्तरावर विशेष अभ्यासाची सोय आली. पदवीधर डी.एल.एड. शिक्षकालाही ठरावीक गुणांच्या अटीवर ते खुलं झालं. ‘निपुण भारत’ अभियान 5 जुलै 2021 रोजी सुरू झालं. 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे त्याचं उद्दिष्ट. ते कॉलेजात नव्हे, वर्गातच गाठायचं आहे.

एम.एड.चा अभ्यासक्रम प्रत्यक्ष हजेरीचा आहे. नोकरीत असाल तर रजा आणि परवानगीचं आधी पाहा. वाचनात रस असलेला मार्गदर्शक शोधा. आणि प्रबंधाचा विषय ग्रंथालयात शोधत बसू नका. तुमच्या वर्गात अडखळत वाचणारं मूल नेमकं कुठे थांबतं, तिथूनच तो घ्या. खानदेशातल्या मुलांच्या वाचनावर खानदेशातल्या शिक्षकांनीच लिहायला हवं.