हात का आखडतो?

भल्या पहाटे अर्नाळ्याला किंवा वसईच्या पाचूबंदरला मासळीचा बाजार भरतो. बर्फात हात घालून मावशी मासे निवडतात. काही वेळाने बोटं वळेनाशी होतात. हात आखडता घेणं म्हणजे आपल्याकडे कंजूसपणा. पण बर्फात उदार माणसाचाही हात आखडतो. असं का होतं?

स्नायूच्या आत दोन प्रकारचे सूक्ष्म धागे असतात, अ‍ॅक्टिन आणि मायोसिन. मायोसिनचं टोक अ‍ॅक्टिनला पकडतं, ओढतं, सोडतं आणि पुढची पकड घेतं. होडी किनाऱ्याला ओढताना आपण दोर हातोहात ओढत नेतो, अगदी तसंच. प्रत्येक पकड सोडायला एटीपी नावाचं इंधन लागतं. मेलेल्या माशात ते संपतं, पकडी सुटत नाहीत, म्हणून ताजा मासा ताठ होतो.

जिवंत हातात इंधन असतं. पण ही सारी रासायनिक क्रिया आहे आणि थंडीत ती मंदावते. स्नायू १० अंश सेल्सियसने गार झाला, तर त्याच्या आकुंचनाचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. आकुंचनासाठी सुटलेलं कॅल्शियम परत साठवायलाही वेळ लागतो. म्हणून मूठ वळायला उशीर, तसाच उघडायलाही. ताकद सुरुवातीला फारशी घटत नाही. आधी जाते ती चपळाई. नसांतले निरोपही सावकाश पोचतात. अशा वेळी हातात कोयता असेल तर तो निसटू शकतो, आणि बधिर बोटाला जखम लगेच कळतही नाही.

बोटं मिटणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात. म्हणून हातमोज्यांइतकीच कोरडी बाहीही महत्त्वाची. ओली बाही तिथली ऊब पळवते.

उपायही स्नायूपाशीच आहे. तो खर्च करतो त्या शक्तीतली सुमारे पाऊण उष्णता होऊन बाहेर पडते. हुडहुडी भरते ती याचसाठी. डिसेंबरात वसई-विरार मॅरेथॉनचे धावपटू आधी हातपाय हलवून अंग गरम करतात. मावशींनीही बर्फातून हात काढल्यावर ते पुसावेत, मुठी उघडमीट कराव्यात, कोमट पाण्यात बुडवावेत. कढत पाणी नको. बधिर कातडीला चटका समजत नाही. बोटं पूर्वीसारखी वळू लागली की मग कोयता उचलावा. गिऱ्हाईकानेही तेवढा वेळ घाई करू नये.