औषधाच्या मडक्याला कान लावा

गुलकंद आवडतो ना? चंद्रपूरकरांना तर आवडायलाच हवा, कारण तिथं उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे पळतो आणि आयुर्वेद गुलाबाला थंड मानतो. गुलकंदानं पोटही साफ होतं. करायचा कसा? देशी गुलाबाच्या पाकळ्या आणि खडीसाखर यांचे बरणीत थर लावायचे, बरणी उन्हात ठेवायची, झालं! पण मला एक कोडं पडतं. एवढी साखर, एवढं ऊन, इतके दिवस. तरी गुलकंद आंबत कसा नाही?

थांबा, उत्तर लगेच नको. आधी गडचिरोलीच्या जंगलात जाऊ. तिथं गुलाब नाही, पण धायटी आहे. उंचापुऱ्या माणसाएवढं झुडूप. हिवाळा सरता सरता त्याची फांदीन् फांदी लालभडक, नळीसारख्या फुलांनी भरून जाते. मेंदी आणि डाळिंब तिच्याच कुळातली, बरं का!

वैद्यांचा या फुलांवर फार जीव. घरात कुटजारिष्टाची बाटली असेल तर तिच्यावरची यादी वाचा. हे जुलाबावरचं, आवेवरचं जुनं औषध. त्यात कुड्याची साल, शिवण, मोहाची फुलं, मनुका, गूळ आणि आपली धायटी. मनुका आणि गूळ सोडले तर बाकी सगळी मंडळी चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात शेजारी शेजारी राहणारी!

आता गंमत पाहा. कुड्याची साल, शिवण, मोहफुलं आणि मनुका पाण्यात उकळतात. पाणी आटून चौथा हिस्सा उरला की काढा गाळून त्यात गूळ विरघळवतात आणि वरून धायटीची वाळलेली फुलं घालतात. मडक्याचं तोंड कापडानं आणि मातीनं बंद. काही दिवसांनी मडक्याला कान लावला तर आतून बुडबुड आवाज येतो! झाकण काढून पेटती काडी आत धरली तर ती विझते. महिनाभरानं आवाज थांबतो, काडी पेटती राहते, तेव्हा वैद्य म्हणतात, अरिष्ट, म्हणजे आंबवलेला औषधी काढा, तयार.

आत कोण बुडबुडतं? यीस्ट. साध्या डोळ्यांना न दिसणारी बुरशी. ती साखर खाते आणि कार्बन डायऑक्साइड वायू व थोडा मद्यार्क तयार करते. काडी विझते ती या वायूमुळे. फुलांच्या मकरंदात यीस्ट बहुधा असतंच. शिवाय एका प्रयोगात दिसलं की धायटीची फुलं साखरेचे छोटे तुकडे करून यीस्टचं जेवण सोपं करतात. साधारण ५ ते १० टक्के मद्यार्कामुळे औषध वर्षानुवर्षं टिकतं. यंत्र नाही, वीज नाही, नुसतं फूल. मला तर ही युक्ती पेनिसिलिनच्या शोधाइतकीच भारी वाटते.

मग गुलकंद का गप्प? तिथं साखर पाकळ्यांइतकी किंवा त्याहून जास्त, आणि पाणी फारच थोडं. इतकी दाट साखर यीस्टच्या अंगातलंच पाणी ओढून घेते. बिचारं यीस्ट वाढणार कसं? अरिष्टात पाणी भरपूर, म्हणून तिथं त्याची चंगळ.

अरिष्टात मद्यार्क असतो, म्हणून वैद्यांनी सांगितल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. बुडबुडे मात्र घरीच बघता येतील. दोन पेले घ्या. एकात पेलाभर कोमट पाणी आणि चमचाभर साखर, दुसऱ्यात दोन चमचे कोमट पाणी आणि दहा चमचे साखर. दोन्हींत पाव करायचं यीस्ट चिमूटभर टाका. पेले झाकून घट्ट बंद करू नका, आणि पिऊ तर मुळीच नका. तासाभरानं कोणता पेला बोलला आणि कोणता गप्प बसला, ते आम्हाला पत्रानं नक्की कळवा.